अठरा किलो कमी

लिफ्ट तपासणाऱ्या माणसावर जिने चढायची पाळी सहसा येत नाही. येते तेव्हा लिफ्ट बंद पडलेली असते. तशीच एका इस्पितळाची लिफ्ट अडकली, तपासनीस सातव्या मजल्याच्या वर मोटारीच्या खोलीपर्यंत पायी गेला, आणि कुलूप उघडता उघडता छाती धरून दारातच बसला. इस्पितळातच बसला म्हणून वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोसमोर सांगितलं, "वजन उतरवा. नाहीतर पुढच्या वेळी लिफ्ट चालू असली तरी तुम्ही वरच जाल."

बायको हसली नाही. ती स्वतः एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. डॉक्टर विनोद करायला लागले की प्रकरण गंभीर असतं, हे तिला ठाऊक होतं.

तिचा थोरला भाऊ दातांचा डॉक्टर होता. सडपातळ, तोंडाळ, आणि रविवारी सकाळी आपल्या क्लबबरोबर सायकलवरून डोंगर चढणारा. बहिणीच्या नवऱ्याला तो लग्नापासून मालगाडी म्हणत आला होता. आधी पाठीमागे, मग समोर. मेहुणा घरी आल्याचं कळताच तो आपली जुनी सायकल आणि ती घरातच चालवायचं जुनं यंत्र, ट्रेनर, गाडीत घालून घेऊन आला.

"रस्त्यावर नका हो जाऊ, जावईबापू," तो म्हणाला. "रस्ता खचेल. घरातच चालवा."

सायकलचं मागचं चाक काढून साखळी त्या लोखंडी यंत्रावर चढवायची आणि समोर टॅब ठेवायचा. टॅबवर रस्ते, चढ आणि कुठकुठल्या घरांत बसून पायडल मारणारे शेकडो स्वार दिसत. दोन तऱ्हेनं चालवता येई. एक म्हणजे टॅबमधला डोंगर चढायचा, इतरांबरोबर. दुसरी तऱ्हा सरावाची. त्यात किती जोर लावायचा तो आकडा ठरवून द्यायचा आणि यंत्र तेवढा जोर पायांकडून वसूल करायचं. पाय मंदावले की ते आपोआप जड व्हायचं. जड झालं की पाय आणखी मंदावायचे, मग ते आणखी जड, आणि शेवटी चिखलात रुतल्यासारखं सगळं जागच्या जागी थांबायचं.

पहिले काही आठवडे तपासनीस रोज रुतला. टॅबमधल्या डोंगरावर तर त्याला म्हातारे, पोरं, कोण कोण मागे टाकून जाई. एका संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली तेव्हा तो सायकलशेजारी जमिनीवर बसला होता. डोक्यावर टॉवेल. टॉवेलाखालून हुंदके येत होते.

"मला नाही व्हायचं हे," तो म्हणाला. "तू दुसरं काहीतरी बघ. नाहीतर राहू दे. मरायचंच आहे तर बसून तरी मरतो."

तो आंघोळीला गेल्यावर ती टॅब घेऊन बसली. खातं तिनंच उघडलं होतं. यंत्रातली बटणं, पासवर्ड, असल्या गोष्टी तो कधी पाहत नसे. "ते सगळं तू बघ," एवढंच म्हणे. दर रविवारी वजनकाट्यावर उभा राहून तो आकडा ओरडून सांगायचा आणि ती तो टॅबमध्ये घालायची. टॅबमधल्या डोंगराला वजनाशीच कर्तव्य होतं. पायांत जोर तेवढाच, पण माणूस हलका, तर तो भराभरा वर जायचा. तिनं त्याच्या वजनातून अठरा किलो काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यात फोन केला. ती एका मोडक्या मनगटाचा फोटो काढत होती.

"अगं, आज चौघांना मागे टाकलं! चौघांना!"

"बघा," ती म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

मग तो रोज बसू लागला. हाक मारावी लागेना. पोट खरोखर थोडं उतरलं, श्वास लांबला, रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. त्या सगळ्याला ती आपली करामत मानायची आणि ते चूकही नव्हतं. दर रविवारी तो आकडा ओरडायचा, ती मनात वजाबाकी करायची. एकदा तर टॅबमधल्या सगळ्यात मोठ्या चढावर त्यानं तिच्या भावाला गाठलं आणि मागे टाकलं. डॉक्टर आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत घामाघूम, आणि मालगाडी पुढे. भावाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजात काही विनोद नव्हता.

"काय खायला घालतेस गं त्याला?"

"जिद्द," ती म्हणाली आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसत राहिली. लहानपणापासून भावाचं तोंड असं बंद करायचं तिच्या मनात होतं.

पण तपासनिसाच्या अंगातलं उतरलं ते डोक्यात चढलं. आधी तो कचेरीत उपदेश करू लागला. मग शेजाऱ्यांना. एक सहकारी अकाली गेला, त्याच्या बायकोला भेटायला सगळे गेले, तर तिथं हा भरल्या खोलीत म्हणाला, "मनानं हार खाल्ली होती त्यानं. शरीर नंतर जातं, मन आधी जातं." त्या बाईनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. घरी बायकोची कंबर धरली तर तो म्हणे, "दुखते, कारण तुला ती दुखायला हवी असते."

आणि मग त्याची नजर मुलीकडे वळली.

मुलगी सोळाची. लहानपणी एका पायावर गोल गोल फिरायची म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. शाळेच्या संघातून ती टेबल टेनिस खेळायची. खूप मोठी खेळाडू नव्हती, पण खेळताना हसायची. एका सामन्याला बाप गेला आणि नेमकी ती हरली, वर हरल्यावर समोरच्या मुलीला मिठी मारून हसली.

"हरून हसतेस?" तो गाडीत म्हणाला. "ही टिकटिक बंद. उद्यापासून माझ्याबरोबर सायकल."

भिंगरीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "थोडे दिवस कर बाळा. त्यांचं मन राख. त्यांच्या तब्येतीला बरं असतं."

मुलीचं खातंही आईनंच उघडून दिलं. थोड्या दिवसांचं वर्ष होत आलं. शाळेतून आली की कपडे बदलायचे आणि सायकलवर बसायचं. बाप समोर खुर्ची टाकून बसे, मोबाइल हातात. जोराचा आकडा तो मोबाइलवरून वाढवायचा, तेवढं एकच बटण बायकोनं त्याला शिकवलं होतं; बोटाच्या टोकानं, पंख्याचा वेग वाढवावा तसा. मग दोघांचे आकडे शेजारी शेजारी धरून तिला दाखवायचा. किलोमागे याची ताकद किती, तिची किती.

"बघ. हृदयात स्टेंट घातलेला माणूस मी. पन्नाशी उलटलेली. आणि तू सोळाची. लाज वाटते का?"

"वाटते, बाबा."

"मोठ्यानं."

"वाटते!"

पहिले काही महिने ती रडायची. मग रडायची बंद झाली. जेवायची कमी झाली. खेळायची बॅट तिनं कुणाला तरी देऊन टाकली. आई हे पाहत होती. टॅब हातात घेऊन एक आकडा बदलला असता तर बापाचं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. पण मग तो पुन्हा टॉवेल घेऊन जमिनीवर बसेल, ही भीती होती. आणि भाऊ पुन्हा मालगाडी म्हणायला लागेल, हीसुद्धा होती. ती स्वतःला सांगायची, परीक्षा झाल्यावर बघू. सुट्टी लागल्यावर बघू.

एकदा दुपारी भिंगरीला बारीक ताप होता. तरी ती बसली. आई भांडी विसळता विसळता ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पोरीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. पाय मंदावत होते, यंत्र जड होत होतं, त्याची घरघर खोल खोल जात होती.

"अहो, बास करा. ताप आहे तिला."

"ताप मलाही होता गेल्या महिन्यात. बसलो की नाही? तू मध्ये पडू नकोस. फिरव! फिरवत राहा! थांबलीस की मेलीस!" आणि त्याचं बोट मोबाइलवर वर सरकलं.

मुलीनं मान वळवून आईकडे पाहिलं. मदत मागावी तसं नाही. ही काय करते ते बघावं, तसं. आईनं तोंड उघडलं. मग ती मागे फिरली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला.

धाडकन आवाज आला तो नळाच्या आवाजावरून ऐकू आला. पाय अडकले होते, अंग पुढे गेलं होतं आणि तोंड हँडलवर आपटलं होतं. समोरचा दात अर्धा तुटला. ओठ फाटला. बाप तिला धरून उठवत होता आणि उठवता उठवता म्हणत होता, "थांबलीस म्हणून पडलीस. फिरवत राहिली असतीस तर झालं असतं का हे?"

मामानं आपल्या दवाखान्यात दात जोडून दिला. एरवी खुर्चीवर माणूस असला की त्याची बडबड थांबत नसे. त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. काम संपल्यावर त्यानं बहिणीला बाहेरच्या खोलीत नेलं.

"पोरीची हाडं दिसतायत गं. हातमोज्यातून लागतात मला. काय चाललंय तुमच्या घरात?"

तिनं सांगितलं. सगळं नाही, अठरा किलोंचं सोडून सगळं.

मामानं हातमोजे ओढून काढले. "त्याला एकदा खऱ्या रस्त्यावर आण. आमच्या क्लबची शर्यत आहे, पाण्याच्या टाकीच्या डोंगरावर. मी चढतो, तोही चढू दे. जिंकला तर मी पाया पडेन. नाही जिंकला तर निदान पोरीचा पिच्छा सोडेल."

काय होणार हे तिला त्याच क्षणी कळलं. ती तिथंच सांगू शकली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर तो तुटलेला दात होता, आणि सहकाऱ्याच्या विधवेची खाली गेलेली मान होती, आणि स्वतःची कंबर होती. आजवर तिनं त्याला खोटं बोलून उचललं होतं. आता नुसतं गप्प बसून त्याला वरून सोडून देता येणार होतं. त्या विचारानं तिला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं.

"मी नोंदवते त्यांचं नाव," ती म्हणाली.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं आणि वर म्हणाली, "कचेरीतल्यांनाही बोलवा ना. बघू दे की सगळ्यांना."

त्यानं सगळ्यांना बोलावलं. साहेबांना, शेजाऱ्यांना, हृदयाच्या डॉक्टरांनासुद्धा. "खाली थांबू नका," तो फोनवर सांगत होता, "खाली काय बघणार? वर टाकीपाशी थांबा." नवी सायकल आणली. नवा अंगाबरोबरचा पोशाख आणला. तो घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा बायकोनं मागची चेन वर ओढून दिली आणि म्हणाली, "छान दिसता."

शर्यतीच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. शिट्टी झाली आणि तपासनीस पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे निघाला. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. शर्यतीच्या मागून चालणाऱ्या गाड्यांत बायकोची गाडी होती. ती चालवत होती, भिंगरी मागच्या सीटवर बसली होती. सपाट रस्ता संपला, पहिलं वळण आलं, चढ सुरू झाला. आणि घोळका त्याच्या दोन्ही बाजूंनी असा निघून गेला, जणू तो रस्त्यातला खांबच होता.

आधी त्याला वाटलं ब्रेक घासतोय. उतरून त्यानं चाक फिरवून पाहिलं. चाक बिनआवाज फिरलं. पुन्हा बसला. मग वाटलं हवा कमी आहे. गाडी शेजारी आली तेव्हा तो काचेतून ओरडला, "टायर बघ गं! टायर बसलाय!"

"ठीक आहे टायर," ती आतून म्हणाली.

"मग हे जड का जातंय?"

गाडी त्याच्या वेगानं, म्हणजे जवळजवळ थांबल्यासारखी, चालत राहिली. त्यानं पाण्याची बाटली टाकून दिली. थोड्या वेळानं हवेचा पंप टाकला. एक निवृत्त पोस्टमास्तरीण, सत्तरीची, पांढऱ्या वेणीची, त्याच्या शेजारून जाताना म्हणाली, "हळूहळू जा हो, घाई नाही," आणि निघून गेली. दुसऱ्या वळणावर त्याचे पाय थांबले. तो उतरला आणि सायकल ढकलत चालू लागला. सायकलच्या बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी असते, ती डांबरावर घसरत होती. दोनदा गुडघ्यावर आला.

मामा वर पोचून परत खाली आला होता. तो मेहुण्याच्या शेजारून हळूहळू सायकल चालवू लागला.

"काय जावईबापू, आज डबे जास्त जोडलेत का?"

तपासनिसानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोड्यात पडलेल्या लहान मुलासारखा चेहरा होता तो. मामा पुढचा विनोद गिळून निघून गेला.

टाकीपाशी तो पोचला तेव्हा शर्यतीची कमान उतरवून तिच्या कापडाच्या घड्या घालत होते. कचेरीतली माणसं अजून थांबली होती. तीच वाईट गोष्ट झाली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, जरा जास्तच वेळ. "पूर्ण केलंत, हेच मोठं," कुणीतरी म्हणालं. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली आणि म्हणाले, "उत्तम." बायको गाडीला टेकून उभी होती. दात तुटल्यापासून तिला वाटत होतं की हा क्षण गोड लागेल. लागला. पण थोडाच वेळ.

उतरताना ती गाडी चालवत होती. तो शेजारी बसला होता, गुडघ्यांतून रक्त येत होतं.

"काही समजत नाही," तो म्हणत होता. "घरी याच्या दुप्पट चढ मी... त्या सगळ्यांना मी रोज... तुझ्या भावाला मी..."

"वजन मी घालत होते," ती म्हणाली.

"काय?"

"टॅबमध्ये. तुमचं वजन. अठरा किलो कमी. सुरुवातीपासून."

मग मागून भिंगरीचा आवाज आला.

"आणि माझं?"

आईनं आरशात पाहिलं. जोडलेला दात बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरा दिसत होता.

"आई, माझं वजन कुणी घातलं?"

"मीच."

"खरं?"

"खरं."

मग तपासनिसाच्या ओठांची हालचाल सुरू झाली. तो मनात आकडे मांडत होता. किलोमागे याची खरी ताकद किती, तिची किती. मांडता मांडता त्याची पाठ ताठ झाली. तो पट्टा ताणून मागे वळला. डोळे चमकत होते.

"म्हणजे तू माझ्या पुढे होतीस! वर्षभर पुढे होतीस तू! अगं, तुझ्यात आहे ते. माझ्यात नव्हतंच, तुझ्यात आहे. उद्यापासून नीट बसू आपण. मी सगळा वेळ तुलाच देतो."

भिंगरी हसली. हरल्यावर हसायची तसं नाही. त्या हसण्याला आवाजच नव्हता.

"आई, मामाच्या घरापाशी थांबव."

आईनं थांबवली. मुलगी उतरली, दार लोटलं आणि फाटकातून आत गेली. मागे वळली नाही. तपासनीस काच खाली करून ओरडत होता, "लवकर ये हं! उद्या सकाळीच बसायचंय!"

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मामानं येऊन तिची पुस्तकं आणि कपडे नेले आणि जाताना बहिणीला म्हणाला, "मला सांगितलं तिनं. तू मला दात दाखवलास, पण हे नाही सांगितलंस." त्यानंतर तोही यायचा बंद झाला. ट्रेनर कोपऱ्यात गेला, त्यावर ओले कपडे वाळू लागले. तपासनिसाचं पोट पुन्हा पुढे आलं. बायको त्याला फिरायला चला म्हणायची, तर तो ताटावरून मान वर न करता म्हणे, "कशाला? तू काय तो आकडा घाल की."

शेवटी एका रविवारी दोघं मामाच्या घरी गेली. तपासनिसाला आत जायचा धीर झाला नाही. तो गाडीत बसून राहिला. भिंगरी खिडकीपाशी टेबलावर अभ्यास करत होती. अंगावर थोडं मांस आलं होतं. तिनं उठून आईला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं, पाहुण्याला द्यावं तसं.

"बाबा बदललेत गं," आई म्हणाली. "एक शब्द बोलणार नाहीत ते आता. तुझी आठवण काढतात. राग सोड त्यांच्यावरचा."

"बाबांवर नाहीये राग," भिंगरी म्हणाली. "त्यांना माहीतच नव्हतं."

एवढं बोलून तिनं पेन उचललं आणि अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली. मग पुढची सुरू केली. आई ग्लासातलं पाणी संपवेपर्यंत बसली, मग उठली. "येते मी," ती म्हणाली. "नीट जा," मुलगी म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

आई जिना उतरून गाडीत येऊन बसली. नवऱ्यानं घाईघाईनं विचारलं, "काय म्हणाली? माझ्याबद्दल काही म्हणाली? येते का?"

तिनं पट्टा लावला.

"येते म्हणाली," ती म्हणाली. "परीक्षा झाली की येते."